माझ्या बदली एक जर्मन

परदेशी शिकायला जाण्याचे दोनच प्रकार आपल्याकडे मान्यता पावलेले आहेत. पहिला, कर्ज काढून जाणं. दुसरा, गेल्यावर परत न येणं. फी इकडच्या कॉलेजात भरायची, एक सत्र तिकडं शिकायचं आणि सत्र संपलं की निमूट घरी यायचं, हा तिसरा प्रकार नातेवाइकांच्या गळी काही उतरत नाही. ‘नापास झालास तर परत पाठवतात का रे?’ आत्यानं विचारलं. ‘नाही, पास झालो तरी पाठवतात,’ म्हटल्यावर तिनं आईकडं पाहून मान हलवली. वहिनी, पोराला कुणीतरी गंडवलंय, असा त्या मान हलवण्याचा सरळ अर्थ होता.

या व्यवहारात दुसरी बाजूही असते, हे तर कुणाच्या गावीही नसतं. आपल्याकडून एक गेला की तिकडून एक येतो. मी हायडेलबर्गला निघालो तेव्हा हायडेलबर्गचा एक मुलगा आधीच पुण्यात येऊन, नारायण पेठेत एका काकूंच्या माडीवर बिऱ्हाड करून राहिला होता. तो वर्षभरासाठी, मी एका सत्रासाठी. पण उरलेल्या अर्ध्या वर्षासाठी माझी एक वर्गमैत्रीण तिकडं जाणार असल्यामुळे जर्मन हिशेब चोख जुळत होता. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो फी आहे. अदलाबदलीतल्यांना ती माफ असते. आमच्या घरात मात्र ती माझ्या हुशारीमुळे माफ झाली असा समज आहे आणि तो मोडण्याची मला काही गरज वाटलेली नाही.

निघण्यापूर्वी आम्ही दोघं भेटलो, मिसळ खाल्ली (त्यानं ताकाबरोबर), आणि एकमेकांना अडल्यानडल्याला विचारायचं असं ठरलं. तेव्हापासून आमच्यात जे प्रश्नोत्तर चाललं, त्यातून दोन्ही देशांबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हतं.

पहिला प्रश्न दोघांचाही एकच होता : नोंदणी. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं आणि त्यासाठी ‘हा माणूस खरंच माझ्याकडं राहतो’ असा घरमालकाचा दाखला लागतो. भारतातही १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि घरमालकाला त्याच्याबद्दलचा एक फॉर्म भरावा लागतो. म्हणजे नियम जवळपास एकच. मी संकेतस्थळावरची यादी वाचली, यादीतले कागद यादीतल्या क्रमानं लावले, ठरलेल्या वेळेला गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी पासपोर्टातली अक्षरं फॉर्मातल्या अक्षरांशी जुळवली, शिक्का मारला आणि मी नागरी जगात अवतीर्ण झालो. कुठून आलात, एकटेच आलात का, जेवलात का, असलं काहीही झालं नाही. इतक्या झटपट काम झाल्यावर कचेरीबाहेर उभं राहून माणसाला वाटतं, नक्की काहीतरी राहिलं असणार.

पुण्यातला अर्ज ऑनलाइन होता. तो भरून देणारा झेरॉक्सवाला मात्र ऑफलाइन होता. काकूंच्या भाच्यानं जर्मनाला त्याच्याकडं नेलं. झेरॉक्सवाल्यानं कागद पाहिले, ‘हा फोटो चालणार नाही, कान दिसत नाहीत’ म्हणाला, तिथल्या तिथं भिंतीला उभं करून नवा फोटो काढला, स्कॅन करून सगळं चढवलं आणि वर म्हणाला, ‘काही लागलं तर फोन कर.’ जर्मनाचा मला मेसेज आला : ‘हा गृहस्थ सरकारी अधिकारी आहे का?’ मी लिहिलं, ‘त्याहून वरचा.’

पैशाचीही तिकडं सोय लावून ठेवलेली असते. जर्मनीत शिकायला येणाऱ्याला शिष्यवृत्ती नसेल तर आधी एका खात्यात रक्कम अडकवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो असा दर ठरला. पैसे आपले, खातं आपलं, पण हातात येतात महिन्याला ९९२. मधेच मागितले तर मिळत नाहीत. महिन्याचे पैसे एकदाच द्यायचे आणि मधे दाद द्यायची नाही, हे धोरण बाबांनी माझ्या अख्ख्या कॉलेजकाळात राबवून पाहिलं आणि दर वेळी आईनं मागच्या दारानं ते हाणून पाडलं. जर्मन सरकारला मागचं दार नाही. बाबा त्या दिवसापासून जर्मनीचे भक्त झाले.

पत्रांचं प्रकरण त्याहून बारीक. जर्मनीत अजून सगळं टपालानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटातून, आणि दोन्ही मिळाली का हे विचारायला कधी कधी तिसरं पाकीट. टपालपेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत जातं, म्हणून पेटीवर नावाची चिकटपट्टी लावणं हे गृहप्रवेशाइतकं महत्त्वाचं. आता आपल्या पासपोर्टावर मुलाच्या नावाला लागून बापाचं नाव येतं. जर्मन कागद ती दोन्ही मुलाचीच नावं धरतो. आमच्याबरोबरच्या साताऱ्याच्या एका मुलीला भाषावर्गात बाईंनी यादीतलं दुसरं नाव उचलून चक्क तिच्या वडिलांच्या नावानं हाक मारली. वडील शाळेत मुख्याध्यापक. त्यांचं नाव असं एकेरीत, मोठ्यानं, भर वर्गात ऐकल्यावर ती मुलगी दचकून उभीच राहिली. सत्र संपेपर्यंत वर्गात तिची तीच ओळख होती, आणि घरी फोन केला की आई विचारायची, ‘आज यांनी काय दिवे लावले?’

इकडं जर्मनाच्या आईनं त्याला चॉकलेटांचं पार्सल पाठवलं. पत्ता म्हणून त्यानं तिला काकूंनी सांगितलेलं जसंच्या तसं कळवलं होतं : पत्र्या मारुतीजवळ, पुणे. घराचा नंबर नाही, पेटी नाही, पेटीवर नाव नाही. पोस्टमननं कोपऱ्यावरच्या वाण्याला ‘तो गोरा मुलगा कुठं राहतो?’ एवढं विचारलं आणि पार्सल माडीवर पोचलं. जर्मनानं मला विचारलं, ही यंत्रणा कशी चालते? मी काय सांगणार? यंत्रणा नाही म्हणून चालते.

विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात मला जर्मनीविषयी प्रेम वाटू लागलं, त्याचं कारण वेळापत्रक. तासाच्या वेळेपुढं दोन छोटी लॅटिन आद्याक्षरं असतात, त्यांचा अर्थ असा की दहाचा तास सव्वादहाला सुरू होईल. याला शैक्षणिक पाव तास म्हणतात आणि ही जुन्या विद्यापीठांची परंपरा आहे. घड्याळं खिशात नव्हती तेव्हा घंटा झाल्यावर पोचायला तेवढा वेळ मिळे, असं सांगतात. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं, त्यामुळं परंपरेला तिथं तोटा नाही. उशिराला राजमान्यता देणारा देश म्हणून मी खूश झालो. पण उशिराचीही वेळ ठरलेली असते, हे सव्वादहा वाजून एका मिनिटानं दार उघडल्यावर आत बसलेले जे डोळे आपल्याकडं वळतात त्यांवरून समजतं. नारायण पेठेतल्या जर्मनाची तक्रार बरोबर उलटी होती. ‘अकराचा तास किती वाजता असतो?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, ‘सर आले की.’ ‘आणि सर किती वाजता येतात?’ ‘मुलं जमली की.’ ‘आणि मुलं?’ यापुढचं उत्तर भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात येत असल्यामुळं मी दिलं नाही.

तास संपला की जर्मन विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकं वाजवतात. आवडल्याची ती पावती. ज्या गुन्ह्यासाठी आम्हाला सातवीपासून वर्गाबाहेर उभं केलं, तो तिथं शिष्टाचार. गुणांचंही तसंच. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास, ५.० म्हणजे नापास. पहिला निकाल लागल्यावर मी आनंदानं घरी फोन केला, ‘बाबा, १.३ मिळाले!’ पलीकडं बराच वेळ शांतता. मग बाबा हळू आवाजात म्हणाले, ‘असू दे. कितीपैकी?’ आपल्या गुणांचं जर्मन गुणांत रूपांतर करायला बव्हेरियाच्या नावानं एक सूत्र आहे. मी ते त्यांना पाठवलं. त्यांनी त्यात स्वतःचे बी.कॉम.चे गुण घालून पाहिले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

वसतिगृहाचं स्वयंपाकघर हा अभ्यासक्रमाबाहेरचा सर्वांत अवघड पेपर. मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून एक ओटा, फ्रीजवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता आणि छताला धूर ओळखणारं गोल पांढरं यंत्र. हे यंत्र सॉसेज भाजताना गप्प असतं. पिझ्झा करपला तरी ते खपवून घेतं. पण फोडणीचं आणि त्याचं हाडवैर. तेल तापलं, मोहरी पडली, हिंगाचा वास वर गेला की ते ठणाणा करतं. त्यामुळं तिथं वरण एकट्यानं होत नाही. नोव्हेंबरच्या थंडीत दोन्ही खिडक्या सताड उघड्या, सातारकर मुलगी स्वेटर-टोपी-मफलर घालून कढईपाशी, नागपूरचा एकजण खुर्चीवर उभा राहून यंत्राखाली टॉवेल हलवतोय आणि मी झाकण घेऊन तयार : मोहरी तडतडली की झाकायचं, जिरं घालताना उघडायचं, पुन्हा झाकायचं. शस्त्रक्रियेतसुद्धा इतका समन्वय नसेल. शेजारच्या खोलीतला जर्मन मुलगा आत आला, उघड्या खिडक्या पाहून त्याचा चेहरा उजळला. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून घरात गार वारा खेळवणं हा जर्मन माणसाचा नित्यनेम आहे; कित्येकांच्या भाडेकरारातही तसं कलम असतं. ‘तुम्ही लोक किती छान हवा खेळवता,’ तो म्हणाला. आमची कीर्ती मजल्यावर पसरली ती वरणामुळं नव्हे, खिडक्यांमुळं.

रात्री दहा ते सकाळी सहा जर्मनीत शांतता पाळायची असते. या बाबतीत हायडेलबर्गनं जुन्या काळी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तुरुंगच ठेवला होता. १७७८ ते १९१४ या काळात रात्री दंगा करणाऱ्या, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांना विद्यापीठ तिथं डांबायचं. तासाला मात्र जाऊ द्यायचं. पोरांना ती कैद इतकी मानाची वाटे की भिंती आणि छत नावांनी, चित्रांनी रंगवून ठेवलेत. आता पर्यटक तिकीट काढून पाहायला येतात. हल्ली तुरुंग नाही. हल्ली खालच्या मजल्यावरच्या आजी दारावर चिठ्ठी लावतात. तुरुंग बरा होता.

भारतातही २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत आणि त्यांतही रात्र दहा ते सहाच आहे. हे त्या जर्मनाला कुठून तरी कळलं. तो पुण्यात आला तो जुलैमध्ये, आणि त्याची माडी नदीपासून हाकेच्या अंतरावर. गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला तसा त्यानं मला नियमाचा दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नियम तर आमच्यासारखाच आहे!’ मी लिहिलं, ‘आहेच. उत्सवासाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देता येते, हेही त्यातच आहे.’ दोन दिवस काही उत्तर आलं नाही. मग फोटो आला. पांढरा झब्बा, डोक्याला फेटा, कमरेला ढोल. खाली लिहिलं होतं, ‘सरावाला जागा होती.’

दुपारी एक ते चार पुण्यात दुकानं बंद असतात याचा मात्र त्याला काडीचाही धक्का बसला नाही. जर्मनीत अनेक इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन शांततेची वेळ असते. त्यामुळं पुण्यातली ही एकच गोष्ट त्याला सुसंस्कृत वाटली. मला तिकडं जड गेला तो रविवार. जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला आणि ते कलम १९४९ च्या घटनेतही कायम ठेवलं गेलं. तेव्हा रविवारी वाणसामानाची दुकानं बंद. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकून खळकन आवाज करायचा नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानात जी झुंबड उडते ती पाहून वाटतं, उद्यापासून संचारबंदी आहे. रविवारी सकाळी कांदे संपले असतील तर आत्मिक उन्नतीशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

कचऱ्याचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. कागद निळ्या डब्यात, ओला तपकिरी, वेष्टनं पिवळ्या, उरलेला राखाडी. काच वेगळी, त्यातही पांढरी, तपकिरी आणि हिरवी वेगळी. निळी बाटली असेल तर ती हिरव्यात. आईनं दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी संपली तेव्हा ती धुवून, झाकण पिवळ्यात, वरचं ‘लिंबू, गोड, ताईकडचं’ लिहिलेलं लेबल भिजवून निळ्यात आणि बरणी पांढऱ्या काचेत, असे तिचे अंत्यसंस्कार मी विधिवत पार पाडले. एका गोष्टीत मात्र मराठी पोरं जर्मनांना भारी पडतात. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या बाटलीमागे दुकानदार २५ सेंट अनामत घेतो आणि रिकामी बाटली यंत्रात घातली की ते परत मिळतात. २००३ पासूनची ही पद्धत. ज्यांच्या आयांनी रद्दीवाल्याच्या तराजूवर आयुष्यभर नजर ठेवली, त्यांना हे शिकवावं लागत नाही. नागपूरकर तर पार्टीला जायचा तो बाटल्यांसाठी.

पुण्यातल्या जर्मनानं काकूंना कचऱ्याचे किती भाग करायचे ते विचारलं. काकू म्हणाल्या, दोन. त्यानं २०१६ चे नियम वाचले होते. त्यात ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन होते. त्यानं तीन पिशव्या करून दारात ठेवल्या. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी तिन्हींत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ठेव बाळा, मी बघते.’ मग खाली बसून त्यांनी सगळं पुन्हा आपल्या हिशेबानं निवडलं, त्याच्यापेक्षा दुप्पट वेगानं आणि जास्त अचूक.

तोवर आम्हा दोघांनाही एक गोष्ट उमगली होती. कायदा दोन्हीकडं सारखाच लिहिलेला आहे. तिकडं तो आपणहून चालतो, इकडं त्याला चालवायला कुणीतरी माणूस लागतो. म्हणून तिकडं नवा आलेला नियम पाठ करतो आणि इकडं नवा आलेला माणसं पाठ करतो. त्याच्या वहीत झेरॉक्सवाला, पोस्टमन, वाणी, कचरेवाल्या मावशी अशी माणसांची यादी होती. माझ्या वहीत डब्यांचे रंग होते.

अर्थात हायडेलबर्गमध्ये माणसंच नाहीत असं नाही. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर नावाचे प्राध्यापक होते. धनगरांबरोबर माळरानं तुडवत त्यांनी खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांचा अभ्यास केला आणि १९७६ साली त्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. १९९२ मध्ये ते गेले, पण तिथं मराठी मुलगा दिसला की अजून कुणीतरी जेजुरीचा विषय काढतं. म्हाळसा आणि बाणाई यांच्यातल्या भांडणावर एका जर्मन बाईंनी मला इतक्या तपशिलानं माहिती विचारली, की मी सरळ घरी फोन लावून आजीला त्यांच्याशी बोलायला दिलं. आजी मराठीत, बाई मोजक्या पण शुद्ध मराठीत. तास झाला तरी संपेना. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या देवाची ओळख आमच्या पिढीला अशी व्हाया हायडेलबर्ग होते.

माणूस परक्या मुलखात रुळला हे केव्हा समजावं, यावर माझं ठाम मत आहे : तो दुसऱ्याला शिकवायला लागला की. नवी आलेली मराठी मुलं रात्री अकरा वाजता, दोन्ही बाजूंना मैलभर गाडी नसताना, लाल दिव्यात रस्ता ओलांडायला निघाली तेव्हा नागपूरकरानं त्यांना हात आडवा घालून थांबवलं आणि म्हणाला, ‘लहान मुलं बघतात.’ अकरा वाजता कुठली लहान मुलं? पण दिवा हिरवा होईपर्यंत सगळे थांबले. त्याच आठवड्यात पुण्याहून एक चित्रफीत आली. जर्मन कर्वे रस्त्यावर, भर संध्याकाळी, डाव्या हाताचा तळवा गाड्यांना दाखवत, कुणाकडंही न बघता शांतपणे पलीकडं चालत चाललाय आणि त्याच्या आडोशानं दोन पुणेकर आजोबा रस्ता ओलांडताहेत.

परत आल्यावर दोघांचेही हाल ठरलेले. मी घरी ओला, सुका, कागद, काच असे डबे मांडले. आईनं तिसऱ्या दिवशी त्यांतल्या दोनांत डाळी भरल्या. तो पुढल्या वर्षी घरी गेला आणि मित्राला ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं अंघोळीला जाता जाता कळवू लागला. मित्र थंडीत चौकात उभा राहिला होता म्हणे.

पुण्यानं त्याला सगळं शिकवलं, एक कोडं मात्र सुटलं नाही. ज्याला भेटावं तो म्हणायचा, ‘या ना एकदा घरी!’ हा लगेच खिशातून डायरी काढून विचारायचा, ‘कोणत्या दिवशी?’ आणि समोरचा माणूस ‘अहो, या हो कधीही’ म्हणत दिसेनासा व्हायचा. वर्षभरात डायरीची ती पानं कोरीच राहिली.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी अशा अदलाबदलीला निघालं असेल, तर बिनघोर जाऊ द्या. लोणची-पापड तिकडं विकत मिळतात. द्यायच्याच असतील तर कागदपत्रांच्या जादा झेरॉक्स द्या. आणि त्याच्या बदली जे पोर इकडं येईल, त्याला एकदा घरी जेवायला बोलवा. वार आणि वेळ सांगून.